विंडोजचं बिऱ्हाड नव्या मशीनवर: काही न पुसता, काही न हरवता

छापखान्यातला जुना कॉम्प्युटर बदलायचं ठरलं की मालक काका आधी एकच गोष्ट विचारतात, "दादा, सगळं जसंच्या तसं येईल ना?" या 'सगळं'मध्ये पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका असतात, पावतीपुस्तकांचे साचे असतात, पेजमेकर असतो आणि मुख्य म्हणजे शेकडो फॉण्ट असतात. युनिकोड येण्याआधीच्या फॉण्टमध्ये केलेली पत्रिका तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर एकदा उघडून बघा. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर फाईलमध्ये शाबूत असतो, पण वाचता एक अक्षर येत नाही. फॉण्टची मूळ सीडी हरवलेली असते, आणि ती देणारा डीलर केव्हाच धंदा बंद करून गेलेला असतो.

अशा ठिकाणी "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो" हे उत्तर मला पटत नाही. विंडोज १० किंवा ११ चालू स्थितीत असेल तर ते आहे तसं उचलून नव्या मशीनवर नेता येतं, प्रोग्राम, फॉण्ट आणि सेटिंगसकट. गेली कित्येक वर्षं मी हे काम करतो आहे. ते बिघडतं तेव्हा दोष बहुतेक वेळा नव्या मशीनचा नसतो. जुनी मशीन चालू असताना जे करून घ्यायचं ते राहून गेलेलं असतं. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे.

हलवावं की नवं घालावं?

मशीनवर फक्त ब्राउझर, ऑफिस आणि फोटो असतील तर हलवण्याच्या भानगडीत पडू नका. नवं विंडोज टाका, फाईली कॉपी करा, दोन तासांत मोकळे. व्हायरसचा संशय असेल, विंडोज आधीच अडखळत असेल, तरीही नवंच घाला, कारण दुखणंही सोबत येतं. पुन्हा मिळणार नाही असं काही आत असेल तरच हलवा. सीडी हरवलेलं सॉफ्टवेअर, जुने फॉण्ट, वर्षानुवर्षं बसवत आणलेली कीबोर्डची मांडणी, बंद पडलेल्या कंपनीचा बिलिंग प्रोग्राम, या प्रकारातलं.

जुन्या मशीनची कुंडली

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या रनच्या चौकटीत इंग्रजीत 'एमएसइन्फो३२' टाइप करा. सिस्टिम इन्फर्मेशन उघडेल. त्यातल्या दोन ओळी कागदावर उतरवून घ्या.

पहिली ओळ 'सिस्टिम टाइप'. तिथे एक्स६४ असेल तर पुढे वाचत राहा. एक्स८६ असेल तर तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. ते आजच्या बहुतेक मदरबोर्डवर थेट सुरूच होणार नाही. त्याची वाट वेगळी आहे, ती शेवटाकडे सांगतो.

दुसरी ओळ 'बायोस मोड'. इथे लेगसी किंवा यूईएफआय असं लिहिलेलं असतं, म्हणजे मशीन सुरू होण्याची जुनी किंवा नवी पद्धत. यूईएफआय असेल तर तुमचं काम अर्ध्यावर आलं. लेगसी असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. इंटेलने २०२० पर्यंत लेगसीचा आधार काढून घेण्याचं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, आणि आजच्या बऱ्याच बोर्डांवर तो उरलेला नाही. म्हणजे डिस्क एमबीआरवरून जीपीटी या नव्या मांडणीवर न्यावी लागेल. घाबरू नका, डेटा न पुसता ते होतं.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडून पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, मोजा. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये सी, डी, ई, कधी एफसुद्धा पाडून द्यायची पद्धत होती. एमबीआर डिस्कवर डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन पाडताना पहिली तीन प्रायमरी होतात आणि चौथं एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल म्हणून जातं. त्यात एक छोटं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' आधीच जागा अडवून बसलेलं असतं. एमबीआरचं जीपीटी करणारं मायक्रोसॉफ्टचं टूल मात्र जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन स्वीकारतं, आणि लॉजिकल पार्टिशन दिसलं की सरळ नकार देतं. हिरव्या रंगाची चौकट किंवा 'लॉजिकल' असा शब्द दिसला तर नोंद करून ठेवा.

लायसन्स

रनमध्येच इंग्रजीत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून स्लॅश आणि 'डीएलआय' टाइप करा. एक छोटी चौकट येईल. तिच्यात 'रिटेल' असेल तर लायसन्स तुमचं आहे, ते दुसऱ्या मशीनवर नेता येतं. 'ओईएम' असेल तर ते जुन्या मदरबोर्डशी बांधलेलं आहे. नव्या मशीनवर विंडोज चालेल, पण ॲक्टिव्हेट होणार नाही. नव्या मशीनसोबत लायसन्स विकत घेतलं असेल तर हलवल्यावर त्या लायसन्सची की, म्हणजे त्यासोबत मिळालेला क्रमांक, टाकायची, फक्त होम की प्रो ही आवृत्ती जुळायला हवी. रिटेलवाल्यांनी जुन्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन करून लायसन्स खात्याला जोडून घ्यावं. मग नव्या मशीनवर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'मी अलीकडे हार्डवेअर बदललं' हा पर्याय कामाला येतो.

बाकी सॉफ्टवेअरचंही असंच बघा. टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. जुन्या मशीनवर इंटरनेट चालू असताना ते सरेंडर करा, नव्यावर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डोंगलवर, म्हणजे लायसन्ससाठी मशीनला लावायच्या छोट्या खुंटीवर, चालणारं सॉफ्टवेअर असेल तर डोंगल कुठे लागते ते मागे वाकून बघा. जाड, पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टवर लागणारी असेल तर आताच थांबा. नव्या बोर्डावर ते पोर्ट नसतं, आणि वेगळं कार्ड घातलं तरी जुनी डोंगल त्यावर चालेलच असं नाही. त्या एका प्रोग्रामसाठी जुनी मशीन कोपऱ्यात चालू ठेवणं हाच शहाणपणा.

पासवर्ड, बिटलॉकर आणि अर्धवट झोप

या तीन गोष्टींपायी मी लोकांना रडताना पाहिलं आहे.

एक, पासवर्ड. रोज चार आकडी पिन टाकून आत जाणाऱ्याला खरा पासवर्ड आठवत नाही. पिन त्या मशीनच्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपशी बांधलेला असतो. मशीन बदललं की तो निकामी होतो, सेफ मोडमध्येही, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू होतं तेव्हाही, दगा देतो. आज, आत्ता, जुन्या मशीनवर पासवर्ड टाकून आत जाऊन दाखवा. जमलं तरच पुढे.

दोन, बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं विंडोजचं कुलूप. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. त्या डिस्कला नवं मशीन दिसलं की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. एका शिक्षिका ताईंच्या लॅपटॉपचा बोर्ड जळाला होता. डिस्क ठणठणीत होती. मी ती दुसऱ्या मशीनला लावली आणि समोर निळ्या पडद्यावर की मागणारी चौकट आली. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती ते खातं कुणी, कोणत्या मेलवरून उघडलं होतं हे घरात कुणालाच आठवेना. मुलाच्या जुन्या फोनमध्ये ते मेल सापडायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस ताईंनी कसे काढले ते मी बघितलं आहे. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर बघा, चालू असेल तर आधी की कागदावर लिहून घ्या आणि मग ते पूर्ण बंद करा. डिस्क उलगडायला वेळ लागतो. ते होईपर्यंत मशीन बंद करू नका.

तीन, फास्ट स्टार्टअप. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, आपला काही भाग डिस्कवर लिहून ठेवतं आणि डिस्क 'वापरात' असल्याची खूण तशीच राहते. अशी डिस्क क्लोन करायला, म्हणजे तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घ्यायला गेलात तर क्लोनझिला हे प्रत काढणारं सॉफ्टवेअर अडून बसतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

डिस्कची तब्येत आणि शेवटची तयारी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळं 'गुड' दिसलं तर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्समधून एकदा एरर चेकिंग करून घ्या. पिवळं 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसलं तर तपासणी वगैरे काही करू नका. त्या डिस्कला प्रत्येक तास महाग असतो. महत्त्वाच्या फाईली लगेच बाहेरच्या डिस्कवर घ्या. निळं असलं तरी फाईलींची एक प्रत बाहेर असू द्याच.

नव्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून चिपसेट, लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नव्या मशीनवर नेटचा ड्रायव्हर नसेल तर तो उतरवायलाही नेट नसतं. त्याच वेळी दोन पेनड्राइव्ह तयार करा: एकावर क्लोनझिला, दुसऱ्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केलेलं विंडोजचं इन्स्टॉलर. क्लोनझिला तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा पडदा रूक्ष आहे, पण ते भरवशाचं आहे.

आता जुन्या विंडोजवरचं शेवटचं काम. रनमध्ये 'एमएसकॉन्फिग' टाइप करा, बूटच्या पानावर 'सेफ बूट'वर खूण करा, 'मिनिमल' निवडा, आणि लगेच रीस्टार्ट न करता मशीन शट डाउन करा. कारण असं आहे. जुनी डिस्क साटा या जुन्या जोडणीची आणि नवी एनव्हीएमई या वेगवान जोडणीची असेल तर विंडोज सुरू होताना नव्या डिस्कचा ड्रायव्हर वेळेवर उचलेलच असं नाही. मग निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे मूळ ड्रायव्हर पुन्हा चाचपून बघतं आणि हा अडथळा बहुतेक वेळा पार होतो. ही खूण क्लोनसोबत नव्या डिस्कवर जाते.

नव्या मशीनचं बायोस

नवं मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. डिस्क कंट्रोलर एएचसीआयवर ठेवा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या मशीनमध्ये व्हीएमडी नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर जुन्या विंडोजला नवी डिस्क दिसतच नाही, तेव्हा तो बंद करा. सिक्युअर बूट तूर्तास बंद. टीपीएम चालू राहू द्या.

क्लोन

नवी डिस्क जुन्या डिस्कपेक्षा मोठी किंवा निदान तेवढी हवी. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कचा क्लोन ५१२ जीबीच्या एसएसडीवर बसतो, ४८० जीबीवर बसत नाही. भरलेला डेटा १०० जीबीच असला तरी क्लोनझिला नेहमीच्या मार्गाने पार्टिशनचा पूर्ण आकार बघतं.

जुनी डिस्क काढून नव्या मशीनच्या साटा पोर्टला लावा आणि क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिव्हाइस-डिव्हाइस, मग बिगिनर, मग डिस्क टू लोकल डिस्क. आता तो पडदा येतो जिथे आधी स्रोत निवडायचा, मग लक्ष्य. इथे मी हात आखडता घेतो. पडद्यावर 'सी ड्राइव्ह' वगैरे काही लिहिलेलं नसतं. एसडीए, एनव्हीएमई०एन१ अशी नावं असतात आणि पुढे मॉडेल आणि सिरीयल नंबर. डिस्क लावण्याआधीच मी दोन्हींवर मास्किंग टेप चिकटवून मार्करने 'जुनी' आणि 'नवी' लिहितो, सोबत सिरीयलचे शेवटचे चार आकडे. पडद्यावरचे चार आकडे टेपशी मोठ्याने वाचून ताडून बघतो. क्लोनझिला पुढे खात्रीसाठी पुन्हा पुन्हा विचारतं आणि दर वेळी घाईने 'वाय' दाबावंसं वाटतं. इथे उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, आणि त्यावर इलाज नाही.

जुन्या हार्ड डिस्ककडून सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर २०० जीबीला साधारण ३५ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात तासभर धरून चाला.

झाल्यावर मशीन बंद करा आणि जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. ती लावलेली असताना नव्यावरून सुरू करू नका. दोन्हींची ओळख आता एकच आहे, आणि विंडोजचा त्यात गोंधळ होतो.

एमबीआरचं जीपीटी

हा टप्पा फक्त लेगसीवाल्यांसाठी. हे काम मी क्लोनवर करतो, मूळ डिस्कवर कधीच नाही. चुकलं तर पुन्हा क्लोन करता येतो.

विंडोज इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. भाषा विचारणारा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. आधी 'डिस्कपार्ट' उघडून 'लिस्ट डिस्क'ने नव्या डिस्कचा क्रमांक बघा, बहुधा शून्य असतो. लॉजिकल पार्टिशन असतील तर ती इथे क्लोनवरून काढून टाका. डी आणि ईमधला डेटा जुन्या डिस्कवर आहेच, तो नंतर कॉपी करता येईल. डिस्कपार्टमधून बाहेर या. आता इंग्रजीत एमबीआर, मग २ हा आकडा, मग जीपीटी, सगळं सलग लिहायचं. पुढे जागा सोडून स्लॅश व्हॅलिडेट, पुन्हा जागा सोडून स्लॅश डिस्क, कोलन आणि शून्य. तपासणी यशस्वी झाल्याचा संदेश आला तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून तीच ओळ पुन्हा चालवा. मिनिटभरात होतं. हे टूल विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे इन्स्टॉलर ताजा असू द्या.

पहिली सुरुवात

पेनड्राइव्ह काढा, मशीन चालू करा. 'गेटिंग डिव्हाइसेस रेडी' असं येऊन टक्के वाढत जातील, मशीन एकदोनदा आपणहून रीस्टार्ट होईल. हात लावू नका, चहा घ्या. सेफ मोडचा काळा डेस्कटॉप दिसला की पासवर्डने आत जा, एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण काढा, रीस्टार्ट करा.

'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असं आलं तर बायोसमध्ये बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आहे का बघा. नसेल तर पुन्हा इन्स्टॉलरची काळी खिडकी उघडा. डिस्कपार्टमध्ये १०० एमबीच्या आसपासच्या ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्या आणि 'बीसीडीबूट' ही आज्ञा विंडोजचं फोल्डर, स्लॅश एस, मग एस आणि कोलन, स्लॅश एफ आणि यूईएफआय यांच्यासह चालवा. लक्षात असू द्या, या खिडकीत विंडोजचं पार्टिशन सी असेलच असं नाही. 'डीआयआर' टाइप करून कोणत्या अक्षरात विंडोजचं फोल्डर दिसतं ते आधी शोधा. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलंच तर व्हीएमडी पुन्हा तपासा, दहातल्या सात वेळा मला दोष तिथेच सापडला आहे.

स्थिरस्थावर

आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग लॅन, मग ग्राफिक्स. मधे रीस्टार्ट. त्यानंतर विंडोज अपडेट बाकीचं स्वतः उचलतं. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' केलं की जुन्या मशीनचे फिकट दिसणारे अवशेष दिसतील. जुनं ग्राफिक्स कार्ड, जुनं लॅन काढून टाका. प्रिंटर मात्र ओळखीचे असतील तर राहू द्या. मग ॲक्टिव्हेशन. मोठ्या डिस्कवर उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडायची असेल आणि मधे रिकव्हरीचं पार्टिशन आडवं येत असेल तर डिस्क मॅनेजमेंट ती जोडून देत नाही. तेव्हा त्या जागेत सरळ नवा डी ड्राइव्ह करा. रिकव्हरी पार्टिशनशी झटापट करण्यात अर्थ नाही.

छापखान्यात यानंतर मी स्वतः काही ठरवत नाही, काकांनाच खुर्चीवर बसवतो. सगळ्यात जुनी पत्रिका उघडा, एक प्रिंट काढा, नेहमीच्या कीबोर्डवर एक ओळ टाइप करा, असं सांगतो. जोडाक्षरं नीट उमटली की मग पुढचं बोलणं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या मशीनवर टीपीएम २.० आहे आणि डिस्क आता जीपीटी आहे, तेव्हा बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू करून जागच्या जागी विंडोज ११ ला अपग्रेड करता येतं, प्रोग्राम आणि फॉण्ट राहतात. पण आठवडाभर विंडोज १० वर काम नीट चालू द्या, मगच. दोन बदल एकाच दिवशी केले की बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. बिटलॉकर हवं असेल तर ते सगळ्यात शेवटी पुन्हा चालू करा, आणि या वेळी की छापून फाईलला लावा.

३२ बिटवाल्यांसाठी

जुन्या काळातल्या काही प्रोग्रामचे इन्स्टॉलर १६ बिटचे होते, ते ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती तर निघालीच नाही. इथे उपाय असा: मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'डिस्क२व्हीएचडी' जुन्या मशीनवर चालवा. चालू विंडोजची ते एक मोठी फाईल करून देतं. ती नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडली की खिडकीच्या आत जुनं मशीन सुरू होतं, फॉण्टसकट. त्याला लेगसी मोडच ठेवा आणि इंटरनेट देऊ नका. छपाईसाठी पीडीएफ करून बाहेरच्या विंडोजमधून प्रिंट द्या. डीटीपीच्या एका जुन्या मशीनसाठी मी हे केलं, आणि तिथल्या ऑपरेटर मावशींना दोन दिवसांत सवय झाली.

जुनी डिस्क

क्लोन झाला त्या दिवशी जुन्या डिस्कवरच्या टेपवर तारीख आणि 'पुसू नये' लिहा, ती बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा. निदान दोन महिने. मार्चअखेर, दिवाळी अंक किंवा लग्नसराई असा गर्दीचा काळ जवळ असेल तर तो उलटेपर्यंत. त्या काळातच "ती गेल्या वर्षीची फाईल कुठाय" असं कुणीतरी विचारतं, आणि डी ड्राइव्हमधलं एखादं फोल्डर कॉपी करायचं राहून गेलेलं असतं.